दानीएल ‘संदेष्ट्यां’त का नाही?

जुनीपोथी:
मराठी बायबलात दानीएल यहेज्केलच्या पाठोपाठ येतो. ज्यूंच्या छापील तनखमध्ये (हिब्रू बायबलात) मात्र तो शेवटच्या भागात, एस्तेर आणि एज्रा यांच्या मध्ये. माझ्या मते तोरा (नियमशास्त्र, ५ पुस्तकं), नवीईम (संदेष्टे, ८) आणि केतुवीम (इतर लेखन, ११) हे विषयवार कप्पे नाहीत, काळाचे थर आहेत. दानीएल आजच्या रूपात आला इ.स.पू. १६५च्या आसपास. तोवर संदेष्ट्यांचा भाग बंद झाला होता. इ.स.पू. १८०च्या सुमाराचा ज्यू ग्रंथकार बेन सिरा यशया, यिर्मया, यहेज्केल आणि ‘बारा संदेष्टे’ एकेक करून गौरवतो, दानीएलचा उल्लेखही नाही.

कोकणकडा:
बेन सिरा नहेम्याला गौरवतो, एज्राला गाळतो. मग एज्राही नंतरचा का? उलट मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या एका हस्तलिखितात (४क्यू१७४) चक्क ‘दानीएल संदेष्टा’ म्हटलंय, आणि मत्तय २४:१५ मध्येही तेच. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस २२ पुस्तकं मोजतो: ५, १३ आणि ४. चारांत फक्त स्तोत्रं आणि बोधपर लेखन, म्हणजे दानीएल तेरांतच. त्याला तिथून हलवलं ते रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी).

जुनीपोथी:
त्या तेरांत एस्तेर आणि ‘इतिहास’ ही पुस्तकंही कोंबावी लागतात! योसेफस ग्रीक वाचकांना इतिहासाची साधनं दाखवतोय, नवीईमची यादी देत नाही. आणि कुणाला संदेष्टा म्हणणं वेगळं, त्याचं पुस्तक त्या भागात असणं वेगळं. दावीदालाही संदेष्टा म्हणतात, स्तोत्रं तरी केतुवीममध्येच.

मेगिल्लावाचक:
दावीदाचा मुद्दा पटला, ‘थर’ मात्र नाही. रूथ आणि विलापगीत केतुवीममध्ये आहेत, आणि विलापगीत तर जखऱ्या-मलाखीपेक्षा जुनं मानतात. तिथे वापर बघावा लागतो: रूथ शाबुओतला (सप्ताहांच्या सणाला) वाचतात, विलापगीत तिशा बआवला (मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी). शब्बाथला तोरानंतरचा हफ्तारा (दुसरा ठरलेला पाठ) फक्त नवीईममधून, त्यामुळे दानीएलला तिथे वावच नाही. रब्बींचा ग्रंथ तालमूदही (मेगिल्ला ३अ) सांगतो की दर्शन दिसलं दानीएलला, हाग्गय-जखऱ्या-मलाखींना नाही, तरी संदेष्टे ते, तो नव्हे.

बाकी भागातला क्रम पक्का समजू नका. १००८च्या लेनिनग्राड हस्तलिखितात केतुवीमची सुरुवात ‘इतिहास’ या पुस्तकाने होते, छापील प्रतींत तेच शेवटी. तालमूदच्या यादीत (बाबा बत्रा १४ब) पहिलं रूथ. दानीएल मात्र तिन्हीकडे केतुवीममध्येच.

कोकणकडा:
हफ्तारा हे कारण की परिणाम? नवीईममध्ये नसल्यामुळे त्यातून वाचत नाहीत, असंही म्हणता येईल.