पाटीवर 'मध्यस्थ' लिहिलं, तर लोक फ्लॅट विचारतात

समईवात : चौदा वर्षं वकिली केली. गेल्या दिवाळीत कोर्टाची कामं सोडून साताऱ्यात दोन खोल्यांचं स्वतःचं ऑफिस थाटलं. भावाभावांच्या वाटण्या, फुटलेल्या भागीदाऱ्या, घटस्फोटातला मुलांचा ताबा. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि तोडगा त्यांचा त्यांना काढू द्यायचा, हे माझं काम. पाटीवर 'मध्यस्थ' लिहिलं. पहिल्याच महिन्यात तिघांनी वन बीएचके आहे का विचारलं, एक काकू मुलीची पत्रिका ठेवून गेल्या. आता पाटी बदलायची आहे. 'लवाद' लिहू का?

नदीकाठ : लवाद मुळीच नको, ताई. लवाद दोघांचं ऐकून निवाडा देतो, तो पाळावा लागतो. आमच्या गिरणीच्या भागीदारीत लवाद नेमला होता. निवाडा झाला, पण दोघे चुलतभाऊ अजून बोलत नाहीत.

टाकबोरू : हा घोळ हिंदीमुळे वाढतो. 1996 च्या लवादाच्या कायद्याचं हिंदी नाव 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम'. म्हणजे तिकडचा मध्यस्थ हा आपला लवाद! 2023 साली मीडिएशनचा, म्हणजे ताई करतात त्या कामाचा, वेगळा कायदा आला, त्याच्या हिंदी नावात 'मध्यकता' असा वेगळा शब्द आहे. मी भाषांतरं करतो. हिंदी मसुदा समोर ठेवून मराठी करणारे इथे हमखास घसरतात. आणि घोळ काही आपल्याच भाषांत नाही. कोर्टातले वाद बाहेर मिटवण्याबद्दलच्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 मध्ये मीडिएशन आणि न्यायालयीन समझोता यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अफकॉन्स कंपनीच्या खटल्यात सांगितलं.

पाणवठा : 'मध्यस्थ' का सोडायचा? गीतेच्या सहाव्या अध्यायात, नवव्या श्लोकात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' वेगळे मोजले आहेत. शंकराचार्य फरक सांगतात : उदासीन कोणाचीच बाजू घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही हित पाहतो. ताईंचं काम याहून नेमकं कसं सांगणार? दलालांनी शब्द वापरला म्हणून आपण तो टाकायचा?

चौकातला : श्लोक पाटीवर मावत नाही. लग्न जमवणारा मध्यस्थ, जमिनीच्या व्यवहारातला मध्यस्थ, हेच अर्थ बाजारात चालतात. सरळ 'मीडिएटर' लिहा.

पाणवठा : मग 'दवाखाना'ही पुसा, 'क्लिनिक' लिहा. असं करतच शब्द मरतात.

माळरान : आमच्या गावात 2007 पासून तंटामुक्त समिती आहे. 'तंटा मिटवून देणार' म्हटलं की म्हातारी माणसंही येतात. संस्कृत नको, इंग्रजी नको.

समईवात : तंटामुक्त समिती गावाची, तिथे पैसे लागत नाहीत. मला यावर पोट भरायचं आहे. 'मध्यस्थ फी घेतो' म्हटलं की लोकांना दलाली वाटते. माझी फी बैठकीवर असते, दोन्ही बाजू निम्मी-निम्मी देतात. वाद मिटो न मिटो, रक्कम तीच. दलालाला सौदा झाला तरच पैसे मिळतात. हा फरक शब्दातच दिसावा, एवढीच माझी धडपड आहे.

नदीकाठ : 'दिलजमाई केंद्र'? आजोबा म्हणायचे, वाटणी कोणीही करील, दिलजमाई करणारा हवा.

टाकबोरू : दिलजमाई हे फळ झालं, काम नव्हे. ती होईल असं पाटीवर आधीच कबूल करू नये. 'शिष्टाई' बघा.

पाणवठा : शिष्टाई चुकीचं! कृष्ण हस्तिनापुराला गेला तो पांडवांचा दूत म्हणून. शिष्टाई एका बाजूने होते.

टाकबोरू : त्याला युद्ध टाळायचं होतं, म्हणजे हित दोघांचंच पाहत होता. तुमच्याच व्याख्येने तो मध्यस्थ ठरतो.

पाणवठा : पण पाठवलं कोणी? कौरवांनी त्याला बोलावलं नव्हतं. दोघांनी मान्य केल्याशिवाय मध्यस्थ कसला?

माळरान : मग 'रदबदली'? माझी आजी तिचे सासरे आणि वडील यांच्यात रदबदली करायची, तिला तर कोणीच बोलावलेलं नसायचं.

टाकबोरू : रदबदली म्हणजे एकासाठी दुसऱ्याकडे शब्द टाकणं. तीही एकाच बाजूची.

माळरान : आमच्या घरात तसं नव्हतं. ती दोघांनाही सुनवायची.