कपाटातली पुस्तकं मुलांच्या हातात द्यायची तरी कशी? (पहिली ते चौथी, दोनशिक्षकी शाळा)

माणदेशी_मास्तरीण:

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका जि.प. शाळेवर आहे. आम्ही दोघं शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा पदभार सरांकडे. पट चाळीसच्या आत.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. आत साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं. काही समग्र शिक्षाच्या अनुदानातली, काही त्याआधीच्या योजनांमधली. बरीचशी गठ्ठ्यानं आलेली असावीत, कारण एकाच चरित्राच्या सात प्रती आहेत आणि अक्षर इतकं बारीक की मलाच चष्मा लावावा लागतो. पण सगळ्यात खालच्या कप्प्यात चित्रांची पातळ पुस्तकं निघाली. पानाला एक-दोन ओळी, अगदी कोरी. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडली, मुलं बसवली, फोटो काढून केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकले. मधल्या सुट्टीनंतर पुस्तकं परत कपाटात. दुसरीतली एक मुलगी विचारत होती, "बाई, आता परत कधी काढायची?"

आमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या बाजूला भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव. कुणीही यावं, कुठल्याही घरात बसून वाचावं. आणि इकडे आमच्या कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली सरांच्या खिशात!

अनुभवी लोकांना विचारायचंय. पुस्तकं घरी द्यावीत का? फाटली, हरवली तर? दुसरं म्हणजे माझी पहिलीची मुलं नुसती चित्रं बघतात, भराभरा पानं उलटतात, "झालं बाई" म्हणून दुसरं मागतात. याला वाचन म्हणायचं का? सर म्हणतात, आधी वाचता येऊ दे, मग पुस्तक. आणि या सगळ्याला वेळ कुठून काढायचा, हे तर विचारतच नाही.

हजेरीपट:

बाई, तुमची तळमळ समजते. पण किल्ली सरांच्या खिशात का, तेही समजून घ्या. पुस्तकांची दाखल नोंदवही मुख्याध्यापकाच्या ताब्यात असते. बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. माझ्या माहितीतल्या एका मुख्याध्यापकांच्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, न सापडलेल्या पुस्तकांचे पैसे त्यांनी पगारातून भरले. पुढच्या शाळेवर गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

वर्गात बसून वाचू द्या, आपल्या डोळ्यांदेखत. घरी नको. मीही मुख्याध्यापक आहे, म्हणून सांगतो.

पुण्यातली_आई:

वेगळं चित्र सांगते. माझा मुलगा तिसरीत, खाजगी इंग्रजी शाळा. ग्रंथालय चकाचक, गालिचा, बीन बॅग, आठवड्याला एक तास. पुस्तक घरी देतात, पण त्यासोबत एक कागद येतो: पुस्तकाचं नाव, लेखक, आवडलेलं पात्र, काय शिकलात. परिणाम असा की तो कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधून आणतो. आजीनं रात्री गोष्ट सांगितली की मात्र "अजून एक". आजी कागद देत नाही ना!

धारूरचा_मास्तर:

बाई, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण हे कपाट आमच्याकडंही होतं. बीड जिल्हा, ऊसतोडीचा भाग. दसरा झाला की टोळ्या निघतात. निम्मी पोरं आई-बापासंगं फडात जातात, निम्मी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पोरं परत येतात ती मार्च-एप्रिलला. अशा पोराला "आधी वाचता येऊ दे, मग पुस्तक" म्हणायचं म्हणजे त्याला पुस्तक कधीच द्यायचं नाही. म्हणून सरांचं म्हणणं मला पटत नाही, त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून.

पहिलीचं पोरगं नुसती चित्रं बघतं, हे बरोबरच आहे. त्याच्याकडं जरा नीट बघा. पुस्तक सुलटं धरलंय का? पान उजवीकडून उलटतंय का? चित्रावर बोट ठेवून काही पुटपुटतंय का? ज्या घरात छापील कागद म्हणजे रेशन कार्ड आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) लिहिलेली वही, तिथल्या पोराला हे कुणी दाखवलेलं नसतं. ते शिकणं म्हणजे वाचनच. आणि भराभरा पानं उलटतं, कारण त्या पुस्तकात काय आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग सांगायचं कुणी? आपणच. परिपाठ संपला की मी एक पुस्तक वाचून दाखवतो. रोज. दहा मिनिटं लागतात, जास्त नाही. खुर्चीत नाही, खाली पोरांत बसून, पुस्तक त्यांच्याकडं तोंड करून. ओळीखाली बोट फिरवायचं. पान उलटायच्या आधी थांबायचं, "आता काय करंल ती?" असं विचारायचं. उत्तर चूक-बरोबर करायचं नाही. आमच्या शाळेत तांड्यावरची पोरं आहेत, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. मी मराठीत वाचतो आणि चौथीतली एक पोरगी मधे मधे लहान्यांना त्यांच्या बोलीत सांगते. आधी मला ते गडबड वाटे. आता मी तिच्यासाठीच थांबतो.

वाचून झालं की ते पुस्तक टेबलावर तसंच ठेवायचं. मधल्या सुट्टीत त्याच्यावर उड्या पडतात. ज्याला एक अक्षर येत नाही तोही ते धरून घडाघडा "वाचतो", कारण गोष्ट कानात आहे. चार-सहा दिवसांनी तोच मधेच थांबून विचारतो, "गुरुजी, 'मांजर' कुठं लिवलंय ह्यात?" अक्षरओळखीचा तास तिथं सुरू होतो. वेळ कुठून काढायचा म्हणता, तर माझा भाषेचा तास त्यानं वाचतो.

मांडणीचं सांगतो. पुस्तकं कपाटात उभी रचू नका. पातळ पुस्तकाला कणाच नसतो, पोराला दिसणार काय? वर्गात खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीपर्यंत नायलॉनची दोरी बांधा, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावा, मुखपृष्ठ समोर. उंची पहिलीच्या पोराच्या हाताला येईल एवढी. तीस-चाळीस पुस्तकं पुरे, दर पंधरा दिवसांनी बदला. ती चरित्रं तूर्त कपाटातच राहू द्या, त्यांना तिथं बरं वाटतं.

आता फाटायचं. पुस्तकं फाटणारच. पिन मारलेल्या पुस्तकाची पिन गंजते आणि मधली पानं पहिली सुटतात. चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात पिवळी पडते आणि शेजारचं पानही धरून ठेवते. पिन काढायची, दाभणानं तीन भोकं पाडायची आणि गोधडी शिवायच्या जाड दोऱ्यानं मधोमध शिवायचं. फाटलेल्या पानाला मैद्याची खळ आणि पातळ पांढरा कागद. शनिवारी आमचा पुस्तकांचा दवाखाना असतो, चौथीची पोरं डॉक्टर. ज्यानं एकदा पान चिकटवलंय ते पोरगं दुसऱ्याला पुस्तक ओढू देत नाही.

आणि घरी द्यायचं. नोंद पोरंच ठेवतात. वही आडवी आखलेली: तारीख, नाव, पुस्तकाचा नंबर, परत आलं की फुली. लहान्याला नाव लिहिता येत नसेल तर तो आपली खूण काढतो. एकाची खूण बैल होती, वर्षभर वहीत बैल चरत होता.

फडावर जाणाऱ्या पोरांनाही पुस्तकं देतो. टोळी निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला पिशवीत दोन-तीन. भांडी, गोधड्या, कोंबड्या यांच्यासंगं तीही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. सगळी परत येत नाहीत. जी येतात त्यांना चुलीच्या धुराचा वास असतो. एका पोराचं पुस्तक कारखान्यावरच्या कोपीत (झोपडीत) पावसात भिजून गेलं. परत आल्यावर मी विचारलं, त्यात काय होतं रे? त्यानं अख्खी गोष्ट सांगितली, फक्त शेवटी वाघ जंगलात परत जायच्या ऐवजी मुकादमाला खातो असा बदल करून. संध्याकाळी कोपीपुढं बारक्या पोरांना तो हीच गोष्ट सांगायचा म्हणे. त्या पुस्तकाचे पैसे कुणाकडून वसूल करू?

एकच विनंती. पुस्तक परत घेताना सारांश, बोध, "काय शिकलास" यातलं काही मागू नका. वर पुण्याच्या ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. फार तर "दुसऱ्या कुणाला देऊ हे?" एवढं विचारा. पोरगं ज्याचं नाव घेतं, त्याला ते पुस्तक हमखास आवडतं.

सूचीकार:

व्यवसायानं ग्रंथपाल आहे, शाळेत नाही, महाविद्यालयात. मास्तर, मनापासून नमस्कार. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच आहे: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आम्ही तो परीक्षेत लिहिला, तुम्ही चिमट्यांनी दोरीवर टांगलात.

हजेरीपट सरांची भीती मात्र खरी आहे, ती थट्टेवारी नेऊ नये. तिच्यावर कागदी उपाय हवा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) म्हटलंय की वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते वाजवी समजावं, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. नीट वाचा: कपाटातल्या हजारामागे नव्हे, दिलेल्या हजारामागे. म्हणजे जितकी जास्त पुस्तकं द्याल तितकी सूट जास्त. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा. जिल्हा परिषदेला १९६८ ची लेखासंहिता आहे, त्यामुळे तो तुम्हाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पुस्तक हरवणं हा ग्रंथालय चालवण्याचाच भाग आहे हे सरकारनंही लेखी मान्य केलंय, एवढा मुद्दा कुणाही लेखापरीक्षकापुढे ठेवता येतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं आहे, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असा स्पष्ट उल्लेख आहे. गोष्टींची पुस्तकं ही चैन नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, म्हणजे जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकाच्या पगारावर येणार नाही.

माणदेशी_मास्तरीण:

सगळ्यांचे आभार. धारूरचे सर, तुमचा प्रतिसाद आमच्या सरांना वाचून दाखवला, मुकादमाच्या वाघापर्यंत. ते हसले. किल्ली अजून दिलेली नाही, पण दोरी कुठे बांधायची ते बघून गेले.

आमच्याकडेही मेंढरांमागे जाणारी घरं आहेत, दिवाळीनंतर वाडा (मेंढरांचा मुक्काम) हलतो. त्या मुलांना पिशवी देणं जमेल असं वाटतं. आता अडचण अशी की पहिली-दुसरीला चालतील अशी पुस्तकं मोजून पन्नासच्या आत आहेत. महिन्याभरात ती संपतील. नवीन कुठून आणू?

धारूरचा_मास्तर:

संपत नाहीत बाई. एकच पुस्तक पोरं कितीदा मागतात ते बघालच. तरीपण सांगतो. समग्र शिक्षाच्या निकषांत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. निवड तुमच्या हाती आली तर जाड पुठ्ठ्याची भारी पुस्तकं घेऊ नका, चाळीस-पन्नास रुपयांची पातळ घ्या, शंभर येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका हे आधी बघा. प्रथमच्या पुस्तकांवर चार पातळ्या लिहिलेल्या असतात, तुम्हाला पहिली आणि दुसरी लागेल. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला पटवा, काळ्या-पांढऱ्या प्रती पोरं स्वतः रंगवतात.

बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ते तुमच्या सरांच्या चौथीला. पहिलीला जड जाईल.

आणि पुस्तक हातात घेऊन आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा. शेवटच्या पानावर उपदेश आला की खाली ठेवा.

हजेरीपट:

सूचीकार, नियमाबद्दल धन्यवाद, नोंद करून ठेवली. पण "ठराव घ्या" म्हणणं सोपं आहे हो. ठरावात लिहायचं काय? मसुदा टाका इथं, तर खरं.

सूचीकार:

घ्या सर. तुमच्या कार्यालयीन भाषेत तुम्ही सुधाराल, हे गृहीत धरून:

विषय: शालेय ग्रंथालयातील पुस्तके विद्यार्थ्यांना घरी वाचण्यास देणेबाबत.

ठराव: इयत्ता पहिली ते चौथीच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयातील पुस्तके आठवड्यातून दोन वेळा घरी वाचण्यास देण्यात यावीत व त्याची नोंद देवघेव वहीत ठेवावी. वापरामुळे फाटलेल्या पुस्तकांची शाळा स्तरावर दुरुस्ती करावी. दुरुस्त न होणाऱ्या व गहाळ झालेल्या पुस्तकांची यादी, वर्षभरात दिलेल्या एकूण पुस्तकांच्या संख्येसह, दरवर्षी एप्रिलच्या सभेपुढे ठेवावी व नियमानुसार निर्लेखनाचा (नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करावा. त्यापोटी विद्यार्थी वा पालक यांच्याकडून वसुली करण्यात येऊ नये. सर्वानुमते मंजूर.

एकूण दिलेल्या पुस्तकांचा आकडा विसरू नका. सगळी मेख त्यातच आहे.

हजेरीपट:

"सर्वानुमते" तुम्ही आधीच लिहून मोकळे झालात. आमच्या समितीत दोन सदस्य कशालाच हो म्हणत नाहीत. तरी मसुदा उतरवून घेतला. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घेतो, पोषण आहाराच्या आधी. नंतर कुणी थांबत नाही.