जीटी८६ ला मोठे ब्रेक: ३३० ची डिस्क घेऊ, ३५५ ची घेऊ, की आधी दुसरंच काही?

मागचं_चाक:

मंडळी, सल्ला हवाय. गाडी टोयोटा जीटी८६, मॅन्युअल. इंजिनाला हात लावलेला नाही. सस्पेन्शन थोडं खाली घेतलंय आणि कंपनीचे ते घसरडे टायर काढून चांगले चिकट टायर टाकलेत. रोज फिरायलाही हीच गाडी आणि ट्रॅक डेलाही (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) हीच.

अडचण अशी की पहिले तीन-चार लॅप झकास जातात. मग लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, जिथं १८० वरून ८० वर यायचं असतं, तिथं पेडल लांब जायला लागतं. एकदम तळाला टेकत नाही, पण सुरुवातीचा कडकपणा जातो, दोनदा दाबून पंप करावं लागतं. एखादा लॅप सावकाश काढला की जरा सुधारतं, तरी पहिल्यासारखं होत नाही. पॅड कंपनीचे आहेत. ब्रेक ऑइल मागच्या सर्व्हिसला बदललं असावं.

दोन किट बघून ठेवलीत, दोन्ही फक्त पुढच्या चाकांची. एकात ३३० मिमीची दोन तुकड्यांची डिस्क (मधला भाग वेगळा, बाहेरचं कडं वेगळं) आणि चार पिस्टनचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. दुसऱ्यात ३५५ ची डिस्क, सहा पिस्टन, पण त्यासाठी चाकं १८ इंची घ्यावी लागतील. ट्रॅकवरचे मित्र म्हणतात, घ्यायचंच तर मोठं घे, पुन्हा पुन्हा खर्च नको. थांबायचं अंतर साधारण किती कमी होईल? मागेही काही बदलावं लागेल का? आणि डिस्क भोकांची की खाचांची?

लाल_कॅलिपर:

३५५, सहा पिस्टन, डोळे झाकून. चाकातून दिसणारा तो कॅलिपरच अर्धे पैसे वसूल करतो. बाकीचं गणित मागून येणारे लोक सांगतीलच 😄

पाना_बारा:

आलो मागून.

वरच्या भाऊंचं दिसण्याबद्दलचं म्हणणं खरं आहे. हौसेला मोल नसतं, आणि हौस म्हणून घेणार असशील तर पुढचं वाचू नकोस, रंग निवड. मी ट्रॅकवर दुसऱ्यांच्या गाड्या खालून बघत आलोय, त्यामुळे माझं बोलणं जरा चिडकं वाटेल.

पहिला प्रश्न. गाडी थंड असताना, पहिल्या-दुसऱ्या लॅपला, जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसची (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) टरटर पायाखाली लागते का? लागत असेल तर आहेत त्या ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतका जोर आहे. तिथून पुढे गाडी किती मीटरमध्ये थांबणार ते टायर ठरवतो. ३५५ लाव नाहीतर ४०० लाव, त्या एका ब्रेकिंगचं अंतर जवळपास तेच राहणार. तू टायर बदललेस तेव्हाच थांबायचं अंतर कमी केलंस, आणि ते पैसे योग्य जागी गेले.

मग मोठी डिस्क कशासाठी? उष्णतेसाठी. तुझ्याच आकड्यांवर हिशेब मांडू. माणसासकट गाडी १३५० किलो धर. १८० वरून ८० वर येताना साधारण साडेतेरा लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवायची असते. हवेचा विरोध आणि इंजिनाचा ब्रेक सोडून देऊ. त्यातली ७० टक्के पुढे गेली तर एकेका पुढच्या डिस्कच्या वाट्याला पावणेपाच लाखांच्या आसपास येतात. डिस्क ७ किलोची असेल तर त्या एका ब्रेकला ती सुमारे १४० अंशांनी तापते. १० किलोची असेल तर १०० अंशांनी. हे एका कोपऱ्याचं झालं. पुढचा कोपरा येईपर्यंत तेवढी थंड झाली नाही तर शिल्लक पुढच्या खात्यात, असं लॅपभर चढत जातं. मोठं किट विकत घेणं म्हणजे हे चढणं सावकाश करणं. मोठ्या डिस्कच्या पोटातून हवाही जास्त खेळते, तो वेगळा फायदा.

आता तुझ्या गाडीचं दुखणं. ब्रेक दोन तऱ्हांनी हात टेकतात. पेडल दगडासारखं कडक लागतंय, पाय थरथरेपर्यंत दाबलं तरी गाडी पुढे पळतेय, तर पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेला. पेडल लांब जातंय, मऊ लागतंय, पंप केल्यावर वर येतंय, तर कॅलिपरमधलं ऑइल उकळलं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले, आणि वाफ दबते, त्यामुळे तुझ्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोचण्याआधी बुडबुडे दाबण्यात जातो. तू लिहिलंयस ते सरळसरळ दुसऱ्या प्रकारचं आहे. आणि त्याच ऑइलबद्दल तू "बदललं असावं" म्हणतोस!

डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा दर्जा, त्याचा किमान उत्कलनबिंदू नव्या बाटलीत २३० अंश. हेच ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल प्यायलेल्या ऑइलची किमान मर्यादा १५५ अंश. ट्रॅकवर कॅलिपर १५५ च्या पुढे जायला फार वेळ लागत नाही. रेसिंगसाठीचं डॉट ४ घे. मोटुल आरबीएफ ६०० चा कोरडा आकडा ३१२ आहे. कॅस्ट्रॉल एसआरएफ ओलं झाल्यावरही २७० धरतं, त्याची किंमत त्याचसाठी असते. डॉट ५ मात्र उचलू नकोस. ते सिलिकॉनचं असतं, तुझ्या गाडीतल्या ऑइलशी जमत नाही. ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच, चालतं. आकड्यांनी लोकांचा घोळ होतो म्हणून सांगितलं.

तेव्हा आधी चारही कॅलिपरमधून जुनं ऑइल पूर्ण काढ, नवं भर, एअर नीट काढ. पॅड ट्रॅकचे घाल. डिस्कमागचा पत्रा काढून किंवा पाइप टाकून हवा डिस्कच्या मधल्या भागात, जिथून डिस्कच्या पोटातली पाती हवा ओढतात तिथं सोड. डिस्कच्या एका बाजूवर नुसती हवा मारलीस तर एक बाजू थंड, दुसरी लाल. हे सगळं करूनही तापमान हाताबाहेर गेलं तर किट घे. तेव्हा मीच म्हणेन घे म्हणून.

मोजायचं कसं? डिस्कच्या कडेला लावायचा तापमानाचा रंग मिळतो, तीन ठिपके. हिरवा साधारण ४३० ला उडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, कमाल तापमान गाठलं की चौकोन काळा पडतो आणि काळाच राहतो. पिटमध्ये आल्यावर इन्फ्रारेड गन मारून काही कळत नाही, तोवर डिस्क बरीच निवलेली असते.

मोजून_माप:

पाना दादांच्या बोलण्यात एक भर. किट घ्यायची वेळ आलीच तर पिस्टनची संख्या बघू नका, क्षेत्रफळ बघा. समजा, कंपनीचा कॅलिपर सरकता आहे (पिस्टन एकाच बाजूला, दुसरा पॅड कॅलिपर सरकून दाबला जातो) आणि त्यात ५७ मिमीचा एकच पिस्टन आहे (जीटी८६ चा नाही, हे नुसतं उदाहरण). त्याचं क्षेत्रफळ २५५२ चौरस मिमी. चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये (दोन्ही बाजूंना पिस्टन, कॅलिपर हलत नाही) एकाच बाजूचे दोन मोजायचे. ३८ आणि ४२ चे असतील तर २५२० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तेवढंच. ४४ चे दोन असतील तर ३०४१, म्हणजे जवळपास १९ टक्के जास्त. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) तोच असल्यामुळे हे जास्तीचं ऑइल पेडलच्या प्रवासातून येणार. ज्यांना पेडल लांब जातंय म्हणून तक्रार आहे, त्यांचं पेडल मग थंड असतानाही लांब जाईल!

डिस्कचंही तसंच. २९४ वरून ३३० वर गेलात की पॅड जिथं पकडतो ती त्रिज्या साधारण १५ टक्क्यांनी वाढते. त्यावर पिस्टनही मोठे घेतले तर पुढचा ब्रेक तिसऱ्या हिश्शाने जोरदार होतो आणि मागचा आहे तिथंच. पुढची चाकं आधी एबीएसमध्ये जातात, मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही, आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) सांभाळून घेईल असं काही जण म्हणतात. ईबीडी मागचा दाब कमी करू शकतं, मागच्या ब्रेकमध्ये नसलेला जोर आणू शकत नाही.

मागचं_चाक:

दोघांचे आभार. शनिवारी चाकं काढून बसलो. एबीएस थंड असताना लागतो, नक्की. डावीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलाय आणि तोही तिरपा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. कडा पांढुरक्या पडल्यात, नखाने खरवडलं तर भुगा निघतो. पिस्टनवरचं रबर कडक झालंय. ऑइल बाटलीत काढून बघितलं, चहासारखं दिसतंय. 🙈

ऑइल आणि पॅड आधी, हे पटलं. तरी पुढच्या हंगामात ३३० चं किट घ्यायचं मनात आहेच, कारण टायर अजून चिकट घेणार आहे. मागचं आणि भोकांचं कुणी सांगितलं नाही. पॅड बसवताना काय काय सांभाळू तेही सांगा.

पाना_बारा:

पांढऱ्या कडा म्हणजे पॅड भाजून निघालाय, टाकून दे. आतला जास्त झिजलाय तर सरकणारा कॅलिपर पिनांवर अडतोय. पिना काढ, पूस, त्यांचं खास ग्रीस लावून परत घाल. हाताने दाबल्यावर मऊ सरकल्या पाहिजेत. पिस्टनचं कडक झालेलं रबर आणि आतलं सील, दोन्ही बदल. थोडा तिरपेपणा सरकत्या कॅलिपरला असतोच, त्याने घाबरू नकोस. तुझ्याकडे जास्त दिसतोय तो पिनांमुळे.

मागे किट नको. जीटी८६ च्या मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा ड्रम आहे, तिथं उगाच गुंतागुंत. पुढचं किट पिस्टनच्या क्षेत्रफळात कंपनीच्या जवळ असलेलं निवड आणि मागे थोडे जास्त पकडीचे पॅड घाल, समतोल बराचसा जागेवर येतो. मापासाठी घरचंच उदाहरण घे: याच गाडीला काही बाजारांत कंपनीने ब्रेंबोचे ब्रेक दिले, तेव्हा पुढची डिस्क ३२६ ठेवली आणि चाक १७ चंच. या वजनाला ३५५ म्हणजे नुसतं लोखंड फिरवणं. वर १८ चं चाक, आणि सगळा बोजा स्प्रिंगच्या खालच्या बाजूला.

भोकांची डिस्क ट्रॅकवर नको. भोकांच्या कडेला बारीक तडे जातात आणि एका भोकातून दुसऱ्याकडे धावतात. तशी तडकलेली डिस्क हातात घेतली की पुन्हा कुणाला सुचवावीशी वाटत नाही. खाचांची घे, नाहीतर साधी. साधी स्वस्तही पडते आणि आवाजही करत नाही. दोन तुकड्यांची घेणार असशील तर बाहेरचं कडं वेगळं मिळतं का ते आधी विचार. झिजल्यावर तेवढंच बदलायचं असतं, आणि तेच मिळालं नाही तर अख्खं किट शोभेचं. वाकड्या पात्यांच्या डिस्कला डावं-उजवं असतं. पाती मध्यातून बाहेर जाताना फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली हवीत. खाचांवरून दिशा ठरवू नकोस, पोटात बॅटरी मारून पाती बघ.

रोजची गाडी आहे म्हणून आणखी एक. रेसच्या काही कॅलिपरना पिस्टनवर धुळीचं रबर नसतंच. पावसाचा चिखल थेट सीलपर्यंत जातो आणि दर थोड्या दिवसांनी खोलून बसावं लागतं. तुझ्यासाठी रबरवालाच हवा.

पॅड बसवल्यावर रिकामा सरळ रस्ता बघ. १०० वरून २०-३० पर्यंत, मध्यम ते जोरात, लागोपाठ आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. वास यायला लागेल, येऊ दे. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवत निववायची. डिस्कवर एकसारखा राखाडी-निळसर थर दिसला पाहिजे. हाच नियम ट्रॅकवरही पाळ: गरम गाडी पिटमध्ये आणून पेडलवर पाय रोवून उभा राहू नकोस. पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, मग स्टिअरिंग हलतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा वाकलेलं काही नसतं, थर कमीजास्त बसलेला असतो. रोजचे आणि ट्रॅकचे पॅड वेगळे ठेवणार असशील तर प्रत्येक बदलानंतर हे सगळं पुन्हा करावं लागेल, कारण एका पॅडच्या थरावर दुसरा पॅड नीट बसत नाही.

मोजून_माप:

किट मागवण्याआधी विक्रेत्याकडून कॅलिपरचा कागदी साचा मागा, बहुतेक जण देतात. पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाकाच्या आत धरून फिरवा. रिमच्या आतल्या व्यासाइतकंच आऱ्यांच्या मागचं अंतर महत्त्वाचं असतं, आणि १७ च्या चाकात नेमकं तिथंच अडकतं. साचा छापताना प्रिंटरची "पानात बसवा" ही सोय बंद ठेवा आणि त्यावरची मापाची रेघ पट्टीने मोजून घ्या.