शब्दचर्चा: डोंगरी नदीतल्या धोंड्यांना ‘गाळ’ म्हणायचं का?

भाषांतरवाली: तैवानच्या डोंगरी नद्यांवरच्या एका विज्ञानलेखाचं मराठी करतेय. टायफून येतो, दरडी कोसळतात आणि त्यामुळे पात्रातला माल कधी भरड, कधी बारीक होतो, असा विषय. पहिलं वाक्य मी असं केलं: ‘वादळे आणि भूस्खलने नदीतील गाळाच्या कणांचा आकार ठरवतात.’ व्याकरण ठीक आहे, पण वाचताना डोळ्यांपुढे धरणातला चिखल येतो. लेखात तर दोन-दोन मीटरचे धोंडे आहेत. काय करू?

घाटमाथा: काही करू नका. शाळेच्या भूगोलात नदी जे जे आणून टाकते त्याला गाळच म्हणतात. ‘अवसाद’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण तो घातलात तर अर्धे वाचक मानसोपचाराचा लेख समजून उघडतील.

सावित्रीकाठ: पुस्तकात म्हणत असतील. जुलै २०२१च्या पुरानंतर महाडच्या दुकानांतून लोकांनी उपसला तो गाळ. वर पोलादपूरकडे नदीत असतात ते गोटे, धोंडे. त्यांना गाळ म्हटलं तर आमच्याकडे हसतील.

आणि ‘वादळ’ही बदला हो. आपल्या कानाला वादळ म्हणजे वारा, उडालेले पत्रे. दगड वारा हलवत नाही, पाणी हलवतं.

भाषांतरवाली: पटलं. ऑगस्ट २००९च्या मोराकोट टायफूनमध्ये तैवानच्या अलिशान या डोंगराळ भागात काही दिवसांत अडीच मीटरहून जास्त पाऊस पडला होता. शियाओलिन हे गाव दरडीखाली गेलं. मग ‘अतिवृष्टी’ लिहू?

घाटमाथा: जपून. आपल्या महसूल खात्याची अतिवृष्टी २४ तासांत ६५ मिमीला सुरू होते. पंचनाम्याला पुरते, धोंड्याला नाही. ‘वादळी पाऊस’ लिहा.

काळा कातळ: भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागणार. शब्द ठरवण्याआधी हा माल येतो कुठून ते बघू. उतारावरची माती दरसाल थोडी थोडी सरकत नदीत येते. ती कुजलेल्या खडकाची, म्हणून बहुतेक बारीक. दरड खोल गेली की मात्र आतला ताजा खडक निखळतो, आणि त्याचे तुकडे केवढे पडणार हे बरंचसं खडकातल्या भेगांमधल्या अंतरावर ठरतं. म्हणून दरडीच्या ढिगात चिकणमातीपासून घराएवढ्या शिळेपर्यंत सगळं एकत्र असतं.

निवड नंतर नदी करते. ढोबळ हिशेब असा: पाण्याची खोली गुणिले उतार, त्याच्या साधारण तेरापट व्यासाचा दगड जेमतेम हलतो. मीटरभर पाणी आणि शंभर मीटरला दोन मीटर, म्हणजे ०.०२ उतार असेल, तर पाव मीटरचा गोटा. दोन मीटरचा धोंडा एवढ्या पाण्यात जागचा हलत नाही. त्याला हलवायला कितीतरी खोल पूर किंवा चिखल-दगडांचा घट्ट लोंढा यावा लागतो.

आणि लेखात कदाचित हेही असेल: दरडींचा माल भरमसाट आला की पात्राचा पृष्ठभाग उलट बारीक होऊ शकतो, कारण वाळू आणि रेव दगडांमधल्या फटी बुजवतात. नवा माल थांबला की पुढचे पूर बारीक तेवढं नेतात आणि भरड मागे उरतं, चाळणीत कोंडा राहावा तसं. वर दगडांचं चिलखत बनतं, खाली वाळू दबून राहते. म्हणजे ‘वादळामुळे गाळ भरड होतो’ असं सरसकट वाक्य कुठे केलं असेल तर ते तपासा. कुठल्या टप्प्यात आणि किती वर्षांनी, ते महत्त्वाचं.

भाषांतरवाली: आहे, अगदी हेच आहे! मी ‘चिलखती थर’ लिहिलंय. आणि ‘कण’?

काळा कातळ: १९२२च्या वेंटवर्थ मापात, म्हणजे वाळू-दगडांच्या आकारमानावरून केलेल्या वर्गवारीत, २ मिमीपर्यंत वाळू, ६४ ते २५६ मिमी म्हणजे आपला गोटा, त्यावर धोंडा. शास्त्रात सगळेच कण. पण मोजणारा माणूस नदीत उतरून एकेक दगड उचलतो, शंभरेक दगडांची मापं घेतो. त्याला ‘कणमापन’ म्हणताना माझीही जीभ अडते. शिवाय ‘आकार’ म्हणजे गोल की चपटा. तुम्हाला हवंय ‘आकारमान’.

रेती-खडी: आकारमान लिहून कोण वाचणार? आम्ही ‘जाड रेती, बारीक रेती’ म्हणतो. ‘गाळाची जाडी-बारकी’ लिहा.

काळा कातळ: ‘गाळाची जाडी’ म्हणजे थर किती फूट, असाच अर्थ लागेल. ‘भरडपणा’ चालेल.

सावित्रीकाठ: भूस्खलन राहिलं. माळीण, तळीये इथे आपण दरडच म्हणतो. हिमालयात, वायनाडला झालं की बहुधा भूस्खलन. जवळची ती दरड, लांबचं ते भूस्खलन, असं काही आहे का?

घाटमाथा: हिंदी बातम्या. दुसरं काय!

काळा कातळ: थोडा फरक आहे. दरड म्हणजे मुळात नदीचा किंवा डोंगराचा उभा काठ, म्हणून ती ‘कोसळते’. माती संथपणे घसरते तिथे दरड म्हणवत नाही. तुमच्या लेखात कडेच कोसळतायत, दरडी बिनधास्त लिहा.

रेती-खडी: एक सांगू? दरडीतून नुकता पडलेला दगड धारदार असतो, त्याला गोटा म्हणू नका. गोटा नदीने घासल्यावर. ताज्याला आम्ही डबर म्हणतो.

भाषांतरवाली: फोटोत कडा धारदारच दिसतायत. मग दरडीच्या पायथ्याशी डबर, खाली मैदानाजवळ गोटे. आणि पहिलं वाक्य आता असं: ‘डोंगरी नदी काय वाहून आणते, वाळू की धोंडे, हे वादळी पाऊस आणि दरडी ठरवतात.’ गाळ, कण, आकार, तिन्ही गेले.

घाटमाथा: वाक्य झकास. ‘डबर’ मात्र संपादक कापणार, लिहून ठेवा.