अण्णांचा मोतीबिंदू शिकाऊ डॉक्टर काढणार आहे. काढू द्यावा का?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांच्या (वय ७२, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुक्काम फलटणजवळ) उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. शब्दकोडं आता आईकडून वाचून घेऊन सोडवतात आणि आई मुद्दाम एखादी सूचना चुकीची वाचते, ते वेगळंच. डाव्या डोळ्यात सुरुवात आहे, पण त्यानं अजून भागतं.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. भिंगाचा नंबर काढला, तारीखही मिळाली. तपासणारी मुलगी एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेशन कोण करणार, असं विचारल्यावर सरळ म्हणाली, "मी करीन, मॅडम शेजारी असतील." काहीतरी गोलमाल उत्तर दिलं असतं तर मला कळलंही नसतं.

भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, "शिकायला आपलाच डोळा सापडला का? खाजगीत फेको, म्हणजे मशीनचं ऑपरेशन, करू, मी पैसे देतो." अण्णा म्हणतात, "मग तिनं शिकायचं कुणावर?" मी मधल्यामध्ये. शिकाऊ डॉक्टरांनी केलेल्या ऑपरेशनचे निकाल खरंच वाईट असतात का? माहितगारांनी सांगावं, ऐकीव नको.

रांगडा_गडी

ताई, डोळे मिटून पुण्याला न्या. माझ्या मामीचं असंच एका शिकाऊनं केलं. लेन्स बसलीच नाही, महिन्याभरानं परत टेबलावर घेतलं. फुकटातलं शेवटी महागच पडतं.

जुना_चष्मा

मी नेत्रतज्ज्ञ, मेडिकल कॉलेजात शिकवून आता निवृत्त झालोय. जरा सविस्तर लिहितो.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं आपलं स्वतःचं भिंग गढूळ होणं. हे भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. पिशवीच्या पुढच्या पडद्याला साधारण पाच मिलिमीटरचं गोल तोंड पाडायचं, गढूळ भिंग बाहेर काढायचं, मागचा पडदा शाबूत ठेवायचा आणि त्याच पिशवीत नवं भिंग बसवायचं. सगळी मेख त्या मागच्या पडद्यात आहे. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी कमी. तो फाटला की मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो. ऑपरेशन थिएटरात याला "रेंट झाला" म्हणतात. शिकाऊ हात आणि मुरलेला हात यांतला फरक मोजायचा तर तो इथे मोजतात.

आणि फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं आपल्या जवळपास ऐंशी हजार ऑपरेशनांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध केला. शिकाऊंनी फेको केलं तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण ४.८ टक्के होतं. पण त्याच शिकाऊंनी लहान छेदाचं हाताचं ऑपरेशन केलं, ज्याला आम्ही एसआयसीएस म्हणतो, तेव्हा ते १.४६ टक्के होतं. मुरलेल्या सर्जनांच्या हातात दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच. म्हणजे कोण करतंय याच्याइतकंच काय करतंय हेही बघायला हवं.

फेको भारी आणि एसआयसीएस म्हणजे गरिबांचं, हा समज शहरात फार पसरलाय. फेकोत दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून कंपनं करणारी सुई आत घालून भिंगाचा आतच चुरा करतात आणि ओढून घेतात. मोतीबिंदू मऊ असेल तर झकास. कडक, तपकिरी झाला असेल तर जास्त ऊर्जा लागते, आणि नवख्या हातात ती बुबुळाच्या आतल्या पेशींना सोसत नाही. एसआयसीएसमध्ये सहा-सात मिलिमीटरच्या बोगद्यातून गर अख्खा बाहेर काढतात. टाका बहुतेक लागत नाही. चष्म्याचा तिरपा नंबर थोडा जास्त राहू शकतो, एवढाच तोटा. तुमच्या अण्णांचा "चांगला पिकलाय" म्हणताय, तेव्हा तिथे काय ठरलंय ते विचारा. मला तरी एसआयसीएसच असेल असं वाटतं.

रांगडा_गडी, तुमच्या मामींबद्दल. रेंट झाला म्हणजे डोळा गेला असं नव्हे. पुढे आलेली जेली कापून साफ करतात, आधार उरला असेल तर भिंग जरा पुढे बसवतात, नसेल तर त्या दिवशी बसवतच नाहीत आणि नंतर पुन्हा घेतात. मामींच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी बघितलेलं नाही, पण त्या वेळी भिंग न बसवणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. अशा बहुतेकांना पुढे चांगलं दिसतं. मात्र दृष्टिपटल (रेटिना) सुटणं, जंतुसंसर्ग, दृष्टिपटलाला सूज येणं यांचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही.

ताई, दोन गोष्टी कळवा. अण्णांना कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणि डावा डोळा तसा निरोगी आहे ना? एकच डोळा कामाचा असेल तर तो शिकाऊकडे देत नाहीत, देऊही नये.

नीराकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. डावा निरोगी आहे. गोळ्या: बीपीची एक आणि रात्री लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून टॅम्सुलोसिन, तीन-चार वर्षं झाली. साखर नाही.

जुना_चष्मा

टॅम्सुलोसिन! हेच हवं होतं. प्रोस्टेटच्या या गोळीनं ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून छेदाकडे लोळत येतो. २००५ मध्ये अमेरिकेत चँग आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्याआधी आम्हीही बुचकळ्यात पडायचो की या आजोबांचीच बाहुली अशी का वागते. गोळी आधी बंद करून फारसा उपयोग नाही, त्यामुळे आपल्या मनानं बंद करू नका, लघवी अडली तर नवीनच तमाशा. फक्त सर्जनला आधी माहीत हवं, म्हणजे बाहुली मोठी ठेवायला औषध, हुक, रिंग हाताशी ठेवतात. घरच्यांना वाटतं लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, म्हणून ते सांगतच नाहीत.

माझ्या लेखी खरा प्रश्न एकच: मॅडम शेजारी म्हणजे नेमक्या कुठे? हात धुऊन, गाऊन घालून, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून तेच बघत बसलेल्या असतील तर बिनधास्त जा. बाजूच्या टेबलावर स्वतःचं ऑपरेशन करत असतील तर ते शेजारी असणं नव्हे.

पीजी_दुसरं_वर्ष



मी त्याच मुलीच्या जागी आहे, दुसऱ्या कॉलेजात. आमच्याकडे आधी खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या डोळ्यांवर सराव होतो. ती पिशवी चिवट असते, माणसाची तशी नसते, हे पहिल्या खऱ्या डोळ्याला कळतं. कुणालाही पहिल्याच दिवशी अख्खं ऑपरेशन मिळत नाही. आधी नुसतं भिंग आत ठेवायचं, मग बोगदा, मग पिशवीचं तोंड, असं एकेक पाऊल. पेशंट जागा असतो, सगळं ऐकत असतो, त्यामुळे "अरे" किंवा "थांब" म्हणायची सोय नाही. आमचे सर नुसतं मनगटावर बोट टेकवतात. टेकवलं की हत्यार बाहेर काढायचं आणि खुर्ची सोडायची. वाद नाही.

जुना_चष्मा



बोकडाबरोबर आता संगणकावर सराव करायचे सिम्युलेटरही आलेत. ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊंचं रेंटचं प्रमाण २००९ ला ४.२ टक्के होतं, ते २०१५ पर्यंत २.६ वर आलं. याच काळात तिथे सिम्युलेटरवरचा सराव रुळला.

आणि ताई, भावाला एक सांगा. २०२३ मध्ये मुंबईच्या जे.जे.तल्या निवासी डॉक्टरांनी संप केला, तेव्हा त्यांची एक तक्रार ऑपरेशनं करायला मिळत नाहीत अशी होती. त्या वादात कोण बरोबर यात मी पडत नाही. पण हात न चालवता पास झालेला डॉक्टर तालुक्याला दवाखाना टाकतो, तेव्हा त्याची पहिली ऑपरेशनं तिथे होतात. तिथे मनगटावर बोट टेकवणारं कुणी नसतं. पुण्यातल्या त्या चकचकीत दवाखान्यातही पाटी कुणाची आणि टेबलावर कोण, हे विचारायलाच हवं.

नीराकाठ

आज जाऊन आले. टॅम्सुलोसिनचं सांगायला तोंड उघडलं तर त्या मुलीनं केसपेपरच पुढे केला. पहिल्याच दिवशी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. एसआयसीएसच करणार आहेत. मॅडम म्हणाल्या, "मी दुसऱ्या नळीवर असते. पण बाहुली लहान राहणार असं दिसतंय, त्यामुळे पिशवीचं तोंड मी पाडीन, पुढचं ती करेल. बाहुलीनं त्रास दिला तर सगळंच मी." संमतीपत्रावर दोघींची नावं आहेत. अण्णांनी सही करण्याआधी त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली.

भाऊ अजून फुगलेला आहे. रजा काढून येतोय मात्र.

रांगडा_गडी

माझी आई पण प्रोस्टेट सोडून बाकी सगळ्याच गोळ्या खाते. यादी टाकू का डॉक्टर?

जुना_चष्मा

टाका. होमिओपॅथी आणि काढेही लिहा. ताई, ऑपरेशननंतर घरी गेल्यावर डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा दिसता दिसता कमी दिसायला लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. थेंबांच्या बाटलीचं टोक पापणीला लावू देऊ नका. चष्म्याचा नंबर सहा आठवड्यांनी.