गावठाणाची लाईट दोन दोन दिवस जाते, घरासाठी केवढा जनरेटर घ्यावा?

केळीपट्टा

राम राम मंडळी. गाव रावेर तालुक्यात आहे. रोज तास-दोन तास लाईट जाते त्याला घरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी पुरते. अडचण मे-जूनची आहे. मृगाच्या तोंडावर वादळ आलं की केळी झोपते, पोल आडवे होतात, तारा तुटतात आणि गावठाणाची लाईट कधी कधी दोन दिवस येत नाही. उकाडा तर आपल्याकडचा तुम्हाला माहीतच आहे.

घरातला लोड असा: २५० लिटरचा जुन्या पद्धतीचा फ्रिज (त्यात आईचं इन्सुलिन असतं), चार पंखे, एक मोठा कुलर, आठ एलईडी बल्ब, टीव्ही, वायफाय आणि हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या एचपीची मोटार. एसी नाही.

एक दुकानदार म्हणतो २ केव्हीए भरपूर झाला, दुसरा म्हणतो ५ च्या खाली घेऊच नका. पेट्रोल घ्यावा की डिझेल? आणि घराला जोडायचा कसा? आमच्याकडे बरेच जण दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करतात आणि सरळ सॉकेटमध्ये खोचतात. ते चालतं का?

भुसावळ_वायरमन

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती दोन पिनांची वायर घरात ठेवूसुद्धा नका. मेन स्विच खाली करायचा राहिला की तुमचा करंट मीटरमधून उलटा डीपीकडे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे निघतो, आणि डीपी दोन्ही बाजूंनी काम करते. खालून २३० व्होल्ट दिले की वरच्या तारेवर ११ हजार उभे राहतात. लाईन बंद आहे असं समजून तुटलेल्या तारेला हात लावणारा लाईनमन त्यात जातो. शिवाय एक पिन सॉकेटमधून निसटली तर तिच्या उघड्या दांड्यांवर जिवंत करंट असतो, आणि घरात लहान मुलं असतात. मेन चालू असताना लाईट परत आली तर जनरेटरचं वाइंडिंग जळतं ते वेगळंच.

बरोबर पद्धत अशी. मीटर आणि घराचा डीबी (फ्यूज-एमसीबीचा बोर्ड) यांच्या मध्ये ३२ अँपिअरचा दोन पोलचा चेंजओव्हर बसवायचा. एका बाजूला महावितरण, मध्ये शून्य, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दोन पोल म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. पैसे वाचवायला काही जण फक्त फेज बदलतात आणि न्यूट्रल सामाईक ठेवतात, तसं करू देऊ नका. दोन्ही बाजू एकदम चालू होणारच नाहीत अशी यांत्रिक अडवणूक या स्विचमध्ये असते, म्हणून रात्री घाईत चूक झाली तरी करंट बाहेर जात नाही. इन्व्हर्टरची लाईन चेंजओव्हरच्या नंतर येऊ द्या, म्हणजे लाईट आणि जनरेटर दोन्हीवर तो चार्ज होईल.

जनरेटरपासून चेंजओव्हरपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची तीन कोअर केबल टाका. १ चौरस मिमीची केबल वीस मीटर ओढली तर मोटार सुरू होताना साधारण २० व्होल्ट वायरीतच जातात. मोटार नुसती गुणगुणते आणि मग लोक जनरेटरला नावं ठेवतात.

आता आर्थिंग. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा कशालाच जोडलेला नसतो. अशा वेळी घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) जनरेटरवर चालताना ट्रिप होत नाही, म्हणजे तो असून नसल्यासारखा. वायरमनकडून जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि आर्थ एका जागी जोडून घ्या, बॉडीही त्याच आर्थला. चेंजओव्हर दोन पोलचा असेल तरच हे करायचं. मे महिन्यात आर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो, त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत जा.

तापीकाठ

दोन्ही दुकानदार चुकीचा आकडा बघतायत. सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवून जनरेटर ठरत नाही. सुरू होताना सगळ्यात जास्त ओढणारी वस्तू कोणती, यावर ठरतो.

तुमचा चालू लोड: फ्रिज १५० वॅट, कुलर पंपासकट २२०, चार पंखे ३००, बल्ब ७२, टीव्ही-वायफाय १००, इन्व्हर्टरचं चार्जिंग २७० च्या आसपास. झाले सुमारे ११०० वॅट. हे २ केव्हीएवर आरामात चालतं. जुना फ्रिज कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ८०० ते १००० व्हीए मागतो, तेही निभतं.

खरी गोम मोटारीत आहे. अर्ध्या एचपीची मोटार चालताना ६०० वॅटच्या आसपास घेते, पण उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे ३ केव्हीए किंवा त्याहून जास्त. एवीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) असलेला साधा जनरेटर क्षणभर रेटिंगच्या वर ताण सोसतो, व्होल्टेज खाली बसतं आणि परत वर येतं. त्यामुळे २.५ ते ३ केव्हीएच्या मशीनवर ही मोटार उठते, अट एकच की त्या क्षणी दुसरं काही चालू नको. क्रम पाठ करून ठेवा: आधी मोटार, टाकी भरली की मोटार बंद, मग फ्रिज, मग कुलर, शेवटी बाकीचं.

मोटार उठत नसेल तर जनरेटर मोठा घेण्याआधी तिचा कॅपॅसिटर बदला. उतरलेल्या कॅपॅसिटरवर ती महावितरणच्या लाईनवर कशीबशी सुरू होते, जनरेटरवर मात्र अडते.

लेबल वाचताना 'मॅक्स' सोडून द्या, 'रेटेड' बघा. मॅक्सचा आकडा थोड्या वेळापुरता असतो. रेटेडच्याही ८० टक्क्यांवरच रोजचा लोड ठेवा, कारण आपल्याकडे ४४ अंशात हवा विरळ होते आणि पेट्रोल इंजिनाची ताकद पाचेक टक्क्यांनी तरी घटते. तुमच्यासाठी रेटेड २.५ केव्हीए, २०० सीसीच्या आसपासचं फोर स्ट्रोक इंजिन, एवीआर आणि तांब्याचं वाइंडिंग. 'कॉपर' हा शब्द बिलावर लिहून घ्या. स्वस्त मशीनमध्ये ॲल्युमिनियम असतं आणि बाहेरून काही कळत नाही.

५ केव्हीए कशाला? तो रिकामा चालला तरी पेट्रोल पितोच. तुमच्या लोडवर २.५ केव्हीएला तासाला साधारण एक ते सव्वा लिटर लागतं, ५ केव्हीएला त्याच कामाला बरंच जास्त. डिझेल मशीन रोज सहा-आठ तास चालवणाऱ्या दुकानाला परवडतं. वर्षातून काही दिवस चालणाऱ्या घरासाठी शंभर किलोच्या वरचं धूड आणि तो आवाज नको.

गिरणाकाठ

तापीकाठदादांचा हिशोब बरोबर आहे, पण एका मोटारीसाठी सगळं मशीन मोठं करणं मला पटत नाही. आभाळ भरून आलं की लाईट असतानाच टाकी काठोकाठ भरा, हौदही भरा. मग २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर घ्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला पेट्रोल जनरेटर, घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी गल्लत नको. वजन वीस-बावीस किलो, म्हणजे ताईसुद्धा उचलून बाहेर ठेवू शकतात. एवीआरवाला चाळीस-पंचेचाळीस किलोचा असतो. आवाज बराच कमी, लोड कमी असेल तर इंजिन आपोआप हळू होतं आणि पेट्रोल वाचतं. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी घड्याळासारखी स्थिर, त्यामुळे घरचा इन्व्हर्टर लगेच चार्ज घेतो.

तापीकाठ

दादा, चार माणसांच्या घरात १००० लिटरची टाकी उन्हाळ्यात दोन दिवस पुरत नाही, आणि गावची पाणीपुरवठ्याची मोटारही त्याच लाईटीवर असते. पाणी संपलं की पंखा असून उपयोग नाही. इन्व्हर्टर जनरेटरला वरचा ताण सोसत नाही, ओव्हरलोड दिसला की तो आउटपुटच तोडतो. मोटार चालवायची नसेल तर तुमचा सल्ला उत्तम. चालवायची असेल तर एवीआरवालाच.

केळीपट्टा

मोटार चालवावीच लागेल, म्हणजे २.५ एवीआर ठरला. तीन शंका राहिल्या. जनरेटरवर घरचा इन्व्हर्टर चार्ज घेत नाही असं ऐकतो, ते का? ठेवायचा कुठे? ओट्याला लागून पत्र्याचं शेड आहे. आणि दोन दिवसांना पेट्रोल किती लागेल?

भुसावळ_वायरमन

चार्जिंगचं कारण सोपं आहे. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. यूपीएसवर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच घेतो आणि फ्रिक्वेन्सीलाही चोखंदळ असतो. जनरेटर ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो, पण रिकामा असताना तो ५२ च्या पुढे पळतो. खटका नॉर्मलवर टाका आणि चार्जिंग सुरू करण्याआधी फ्रिज-कुलर लावा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या खाली येतात. गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून फेऱ्या कमी करू नका. मग लोडवर फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली जाते आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर तापतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅटरी जनरेटरवर पटकन भरत नाही. इन्व्हर्टर तिला १५ अँपिअरच्या आसपास देतो, म्हणजे पूर्ण उतरलेल्या १५० एएचला दहा-बारा तास लागतात. तीन तास जनरेटर चालवून मिळतात दोन पंखे आणि चार बल्ब, तेही दोनेक तास. म्हणून पहिल्या रात्री बॅटरी जपून वापरा. भरलेल्या बॅटरीवर तेवढाच लोड सहा तास जातो.

शेडचा विचार सोडा. ओटा, शेड, बोळ, जिन्याखाली, कुठेच नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. घरापासून वीस फूट लांब, उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. त्यातही कुलर कुठल्या खिडकीला आहे ते आधी बघा. कुलर बाहेरची हवा आत ओढतो. जनरेटर त्या बाजूला असेल तर वीस फुटांवरूनही तो धूर सरळ झोपायच्या खोलीत खेचेल. पावसासाठी चार बाजूंनी मोकळं, डोक्याच्या वर छप्पर करा. ताडपत्री अंगावर टाकू नका.

गिरणाकाठ

पेट्रोल: सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास धरले तर दिवसाला सात लिटर, दोन दिवसांना पंधरा धरा. प्लास्टिकच्या बाटल्यांत नको, धातूचा कॅन घ्या. इंजिन गरम असताना टाकीत ओतू नका, बंद करून दहा मिनिटं थांबा.

इन्सुलिनसाठी फ्रिज चोवीस तास चालायची गरज नाही. दार उघडलं नाही तर तो चारेक तास थंड राहतो. फ्रीजरमध्ये आधीच पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा आणि लाईट गेल्यावर खालच्या कप्प्यात आणा. इन्सुलिन बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की ते वापरता येत नाही.

मशीन अकरा महिने पडून राहतं आणि नेमकं वादळाच्या रात्री सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, खाली पाणी साचतं, बारीक जेट बुजतो. फक्त चोकवर चालतो आणि चोक काढला की बंद पडतो, हे त्याचं लक्षण. म्हणून काम झालं की स्विचने बंद करू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. हंगाम संपला की टाकीही रिकामी करा. महिन्यातून एकदा थोडं ताजं पेट्रोल घालून पंधरा मिनिटं लोडवर चालवा. रोटरच्या लोखंडात उरलेली चुंबकी शक्ती टिकते, नाहीतर इंजिन चालतं आणि व्होल्टेज शून्य येतं.

ऑईल ०.६ लिटर लागतं. आपल्या उन्हाळ्यात एसएई ३० घाला. पहिलं ऑईल २० तासांनी काढायचं, त्यात नव्या इंजिनाचा लोखंडी कीस असतो. पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ऑईल कमी झालं किंवा मशीन तिरकं असलं तर सेन्सर इंजिन सुरूच होऊ देत नाही. दोरी ओढून हात दुखायच्या आधी जमीन सपाट आहे का बघा.

तापीकाठ

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड, पाण्याची बादली आणि फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर सोबत न्या. रॉड बादलीत सोडून मग चालू करा, आणि चालू असताना पाण्यात हात घालू नका. त्या लोडवर व्होल्टेज २२० ते २४० मध्ये आणि फ्रिक्वेन्सी ४९.५ च्या वर राहिली पाहिजे. पंधरा मिनिटं चालू द्या, मग रॉड एकदम बंद करा. व्होल्टेज २५० च्या वर उसळून तिथेच थांबलं तर एवीआर बरोबर नाही, ते मशीन घेऊ नका.