सराव पाठ आणि पडदा: सोलापूरच्या छात्राध्यापकांनो, तुमचे अनुभव लिहा

बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. माझे सोळा सध्या पूर्व भागातल्या एका शाळेत चालू आहेत. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘तंत्रज्ञानाचा वापर’ हा रकाना भरायचा म्हणून आपण सगळेच काही ना काही लावतो. त्यातून मुलांच्या हाती काय लागलं, ते इथे लिहूया. फसलेले पाठ आधी.

सुरुवात मी करते. आठवीला रक्ताभिसरण होतं. सहा मिनिटांची फिल्म लावली, वर्ग चिडीचूप. वाटलं, पाठ जमला. दुसऱ्या दिवशी विचारलं, रक्त फुप्फुसांकडे कशाला जातं? एकही हात वर नाही. एका मुलीने फिल्ममधलं संगीत मात्र गुणगुणून दाखवलं. मग लक्षात आलं, ती सहा मिनिटं मीही पडद्याकडेच बघत होते, मुलांच्या चेहऱ्यांकडे नाही. पुढच्या तुकडीत आवाज बंद ठेवला आणि चार ठिकाणी फिल्म थांबवली. मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे, वहीत बाण काढायचा, रक्त पुढे कुठे जाईल ते आधी सांगायचं आणि मगच पुढे. अख्खा तास गेला. पण शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, आपण झोपल्यावर पण हे चालूच असतं का?”

विज्ञान मेथड (म्हणजे शिकवायचा विषय विज्ञान), दुसरं वर्ष
नववीला ‘ध्वनीचा अभ्यास’ घेतला. मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप होतं. वर्गातल्या साध्या गप्पा ६०च्या आसपास आल्या. एक मुलगा म्हणाला, “सर, आमचे पप्पा मागावर असतात, तिथं मोजा की.” मालकांना विचारून संध्याकाळी गेलो. यंत्रमागांच्या खडखडाटात आकडा ९०वर. मोबाईलचं ॲप काटेकोर नसतं, हे मुलांना सांगितलंच. पण १० डेसिबल वाढले की तीव्रता दहापट होते, म्हणजे ६० ते ९० किती पट? फळ्यावर दहा गुणिले दहा गुणिले दहा मुलांनीच मांडलं. हजारपट! तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणून पप्पा घरी पण मोठ्यानं बोलतात.” त्या दिवशी टाचण बाजूला ठेवलं आणि कानांची काळजी कशी घ्यायची, यावरच बोललो.

इतिहास मेथड
माझ्या पाठाच्या निरीक्षणाच्या दिवशीच लाईट गेली. स्लाईड सोडून माझ्याकडे काही नव्हतं, फळ्यावर नकाशा काढायला हात वळेना. आता रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास फलक लेखनाचा सराव करते.

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका), पहिलं वर्ष
चौथीत एक मुलगी घरी तेलुगू बोलते. ‘बाष्पीभवन’ तिला काही केल्या समजेना. मी भाषांतराच्या ॲपमध्ये शब्द टाकला, तर ॲप म्हणालं ‘बाष्पीभवनम्’! पोरगी तशीच बघत राहिली. शेजारची मैत्रीण म्हणाली, “अगं, आविरि!” म्हणजे वाफ. चुलीवरच्या भाताच्या पातेल्यावर हात धरल्यासारखं करून दाखवलं आणि दोघी हसल्या. तेव्हापासून मी मुलांच्या तोंडचे तेलुगू-कन्नड शब्द त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघालं की सगळे त्यांनी पुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडबद्दल बोलतात. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हाही चर्चा त्याचीच. पण त्यांनी त्याआधी मुलांची कन्नड शिकून घेतली होती. मला ते जास्त मोठं वाटतं.

मराठी मेथड
क्यूआर कोडवरूनच लिहितो. पुस्तकातला कोड फोनवर स्कॅन करून कविता घरी ऐकून या म्हटलं, निम्म्या वर्गाने ऐकलीच नाही. मला राग आला होता. नंतर कळलं, घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो. आता कविता वर्गातच ऐकवतो, दोनदा.

गणित मेथड, दुसरं वर्ष
सहावीला पूर्णांक संख्या. “उजनी मायनसमध्ये गेली” हे मुलं घरी ऐकतात, पण पाणी शून्याखाली कसं जाईल? गूगल अर्थवर उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यानंतरचं अशी उजनी धरणाची दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली. धरण भरलं की सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातला जवळपास ६४ मृत साठा, म्हणजे नेहमीसारखं बाहेर सोडता न येणारं तळाचं पाणी. त्या रेषेला शून्य धरायचं, वरचं पाणी अधिक, खालचं उणे. फळ्यावर उभी संख्यारेषा काढली आणि मुलांनी तिच्यावर पाणी चढवलं-उतरवलं. घरी चार-पाच दिवसांआड नळ येतो, त्यामुळे कुणालाही कंटाळा आला नाही.

पुन्हा मी, सुरुवात केलेली. गणितवाले सर, ती दोन चित्रं मला पाठवाल का? माझा मंगळवारी सहावीवर पाठ आहे आणि आमच्या शाळेत नेट नाही. छापून नेईन. संख्यारेषा फळ्यावर मीच काढेन.